ठराव क्रमांक चार

टेबलावर चहाचे सहा कप, एकात माशी,
आणि कागदावर दोन कॉलेजांची नावं:
एक कुर्ल्याचं, एक वसईचं.
दोघंही या मोसमात हरलेले नाहीत.
दोघं एकमेकांशी खेळलेलेही नाहीत.

गट वेगळे पडले, तारखा वेगळ्या, मग परीक्षा आल्या,
आणि पंधरा तारखेपासून मैदान क्रिकेटचं.
एकदा रोलर फिरला की फुटबॉलचे बूट आत येत नाहीत.
हा नियम कुठेच लिहिलेला नाही,
म्हणून तो कुणी मोडत नाही.

तर विजेता आता आपणच ठरवू, रावराणे म्हणतात.
गोलांचा फरक काढा.
काढला. वसई सव्वीस, कुर्ला चोवीस.
पण वसईनं त्यातले अकरा एकाच सकाळी मारलेत,
आठच मुलं घेऊन आलेल्या कॉलेजावर,
ज्यातला एक जण चष्मा सांभाळत पळत होता.
ते अकरा सोडा हो, पावरी म्हणतात,
कुर्ल्याचं पासिंग बघा.
तुम्ही बघितलंत?
नाही, पण ऐकलंय.
कुणी म्हणतं, नाणं उडवा.
कुणी म्हणतं, वसईला मागच्या वर्षीच दिलाय.

दिलाय.
इतिवृत्त मीच लिहितो.
हा शब्द मी त्यात घेत नाही.

मलाही एकदा दिला होता.
अठ्ठ्याऐंशी साल, हीच खोली, बहुतेक हाच पंखा.
मी गोलकीपर. शेजारच्या पै मावशींकडे फोन आला
की आपण जिंकलो.
कुणाशी? आईनं विचारलं.
नाव सांगता आलं.
किती-कितीने, ते विचारलं तिनं दुसऱ्या दिवशी,
पोहे परतताना, सहजच.

तो कप अजून आहे. त्यात लाइटची बिलं ठेवतो.
एक कान निखळलाय, पण तो
घरातल्या घरात, फडताळावरून पडून.

पुढे बारा-तेरा वर्षांनी वॉर्ड ऑफिसच्या रांगेत
मुलीच्या जन्मदाखल्यासाठी उभा होतो.
पुढचा माणूस वळला: अँब्रोज मिस्किटा,
त्यांचा नऊ नंबर, आता टक्कल, तीच मान.
नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला,
"तू डावीकडे झेपावला असतास."
"उजवीकडे."
"मग गोल."
"मग पोस्टला लागून बाहेर."
"रीबाउंडवर आमचा पास्कल उभा होता."
"पास्कल ऑफसाइड."
खिडकी उघडेपर्यंत आम्ही तो सामना खेळलो,
आणि मागचे ओरडले तेव्हा
दोन-दोन झाले होते, वेळ संपत आली होती.
त्याच्या हातात फॉर्म होता, आईच्या मृत्यूचा.
जन्माची आणि मृत्यूची खिडकी तिथे एकच.

जिन्यात म्हणाला, हरलो असतो ना, तर
विसरलो तरी असतो रे.
मी काही बोललो नाही. मी जिंकलो होतो,
आणि मला तरी कुठे विसरता आलं होतं.

"तुमचं मत?" पावरी.
वसईला दोन, कुर्ल्याला दोन, एक मत नाण्याला.
सगळे माझ्याकडे बघतात, घड्याळाकडेही.
सहा सत्तावीसची लोकल आहे रावराण्यांना.

बाहेर माळी पाइप गुंडाळतोय.
हरिश्चंद्र आणि मी एकमेकांना वीस वर्षं ओळखतो,
त्याच्या मुलाला मी फी माफीचं पत्र दिलंय.
हा वशिला कधी वापरला नव्हता.

चिठ्ठीवर कॉलेजाचं नाव लिहायचं असतं.
मी लिहिलं:
शनिवार, सकाळी साडेसहा, नेट लागायच्या आत.
बरोबरी झाली तर पेनल्टी.
चुना मी आणतो.