रिकामं भांडं

अमारो, हे घे. हे छोटं पातेलं तुझं,
ज्यात एरवी तुझं दूध तापतं.
लाकडी चमचा नको, त्याचा आवाज
टेकडीपर्यंत पोचत नाही. तो स्टीलचा घे.

नाही रे, वाढदिवस कुणाचाच नाही.
जा, नळ उघडून बघ.
म्हाताऱ्यासारखा दोनदा खोकतो
आणि गप्प होतो.
नदी आहे अजून, वरच्या अंगाला आहे,
पण तिला वळवलंय कुंपणाच्या आत,
अवोकाडोच्या बागांकडे.
चिलीच्या या उघड्याबोडक्या डोंगरावर
तेवढाच एक हिरवा तुकडा दिसतो, तो तोच.
ती फळं जहाजात बसून परदेशी जातात.
तू अजून जहाजात बसलेला नाहीस.

आम्ही आधी नीट विचारलं होतं.
पत्र लिहिलं, दोन्या ओतिलियाच्या वळणदार अक्षरात.
उत्तर नाही.
दुसरं लिहिलं. उत्तर आलं : पत्र मिळालं.
मग ऑफिसात गेलो. साहेब जेवायला गेले होते.
चार वाजेपर्यंत जेवतच होते.

म्हणून आज चौकात.

रिकामं भांडं फार वाजतं, असं लोक म्हणतात
आणि म्हणताना हसतात.
पण खरंच आहे ते. भरलेलं वाजवून बघ कधी,
नुसतं थप्प करतं.
ज्याच्या पोटात काही नाही
त्यालाच एवढा मोठा गळा.

तो हेल्मेटवाला? घाबरू नकोस.
एवारिस्तो तो, ओतिलियाचा धाकटा.
त्याला इथे उभं राहायचा पगार मिळतो,
आपण बिनपगारी.
त्याच्या आईचा नळही कोरडाच.
बघ, त्याच्याच पुढ्यात ती तवा बडवतेय
आणि तो आपल्या बुटांकडे बघतोय.

खिशात काय आहे? दाखव.
दगड नाही न्यायचा.
चपटा आहे, छान आहे, कळलं मला.
आज नको. दे इकडे.

जिंकलो का म्हणून विचारू नकोस इतक्यात.
पहिल्या रात्री आम्ही सात जण होतो,
आठवा कुत्रा.
आज मोजायला गेले तर चुकतेय.
मंगळवारी एक टँकर आला.
टँकर म्हणजे नदी नव्हे.

घरी यायला उशीर झाला. मसुराचं सूप गरम केलं,
आणि तू टेबलावर चमचा आपटायला लागलास,
टण् टण् टण् :
पुन्हा मसूर नको,
झोपताना दिवा मालवायचा नाही,
आणि माझा दगड परत कर.

ओरडणार होते मी. तोंड उघडलंही होतं.
मग खुर्ची ओढली, समोर बसले.
हात अजून झिणझिणत होते.
"बोल," म्हटलं, "एकेक सांग."

मसुराचं काही करण्यासारखं नव्हतं, घरात तेवढंच होतं.
दगड तुला दिला.
दिव्याचं अजून ठरायचंय.