कॉन्ट्रास्टनंतर

टकलेबाईंची जोडवी निघेनात.
साबण लावून ओढली मीच.
लश्करच्या शाळेत माझ्या वहीतल्या
हिंदी शब्दांवर लाल रेघ मारायच्या त्या.

बाहेर सेहेचाळीस, आत यंत्रापुरतं अठरा.
हलू नका, म्हटलं.
एवढ्या ठणठणाटातही हलल्या नाहीत.

पहिल्या चित्रांत करड्या वळ्या, बस.
मग शिरेतून औषध गेलं
आणि सात ठिकाणी उजेड पडला.
सगळ्यांत मोठा नऊ मिलिमीटर, डावीकडे,
शब्दांच्या शेजारी.
छातीतून निघून इथवर, कुणाला न विचारता.

मोजणं माझं. सांगणं डॉक्टर सिकरवारांचं.

बाहेर येऊन बाईंनी पाय पुढे केला:
"घाल रे ती... ती... बिछिया."

मी घातली,
रेघ न मारता.