बोथट

शुक्रवारी सहाला, ऊन चढायच्या आत,
सोहारच्या फलज भागात, टायरच्या बंद दुकानामागं
आम्ही अकरा जण.
हिंदुराव वस्ताद डिकी उघडतात.
चादरीत गुंडाळलेल्या तरवारी,
एकही खरी नाही.

“खरी आणली तर कस्टमवाला
मलाच गुंडाळून माघारी धाडंल.”
वेताची एक काठी कानाशी धरतात, टिचकी मारतात,
माठ घेताना बाई मारते तशी.
तडा गेलेला वेत बद्द बोलतो.
बद्द बोलला, बाजूला.

आठवडाभर ते कारखान्यात परांच्या तपासतात.
हिरवी चिठ्ठी : चढा.
लाल चिठ्ठी : पाय ठेवू नका.
त्याच चिठ्ठ्या इथं मुठींना, दोऱ्यानं.

लाकडी पात्यावरून ते ओढणी फिरवतात.
माझीच, सगळ्यांत तलम म्हणून.
कापड अडकलं की तिथं सल.
मग काचकागद, मग तेल, मग पुन्हा ओढणी.
प्लास्टिकची एक गेल्या जुलैत गाडीत राहिली होती,
केळ्यासारखी वाकली.
ती मुद्दाम ठेवलीय,
नव्या माणसाला आधी तीच दाखवतात.

पोरांसाठी पाइप, त्यावर
एसीच्या नळीचं काळं मऊ वेष्टन.
ते शौकत परकार आणतो, दापोलीचा,
भर उन्हाळ्यात सबंध सोहार ज्याला फोन करतं.

“हात सैल सोड. टोक भुईला टेकलं
तर ती तुझी न्हवं.”
मी म्हटलं, मोठी चालेल मला.
“मोठी सगळ्यांना चालती ताई,
मनगट सोडून.”

अंगठ्या काढायच्या, घड्याळं काढायची.
माझी बांगडी निघेना. नळावर साबण लावून काढली,
अकरा वर्षांनी. खालची कातडी
दुसऱ्याच कुणाची वाटावी इतकी गोरी.

जाळीचे मुखवटे दोनच,
म्हणून एका वेळी दोघंच समोरासमोर.
बाकीचे हवेला मारत राहतात,
हवा इथली जड, तीही दमवते.

शेजारचा सालिम कहवा घेऊन येतो.
लग्नात तो खरी तरवार उंच फेकतो
आणि न बघता झेलतो.
कशी, म्हणून पोरं मागं लागतात.
मोडक्या हिंदीत सांगतो, झेलणं सोपं आहे.
फेकायच्या आधी जवळ कोण उभं आहे
हे बघायला शिकलो,
त्यात वीस वर्षं गेली.

आज माझ्यासमोर परकारची नाझनीन, सोळाची,
चवड्यांवर उभी, मांजरासारखी.
पहिला वार अडवला. दुसरा दंडावर बसला.
तिसऱ्याला मुखवट्यात वाफ धरली,
काही दिसेना, आणि मी म्हटलं,
बस.

मोठ्यानं नाही. मला मोठ्यानं म्हणता येत नाही तो शब्द.
घरी किती वेळा म्हटला असेन,
ओट्याला ठाऊक, बाथरूमच्या कडीला ठाऊक.

वेत थांबला होता.
माझ्या खांद्यापासून चार बोटांवर, हवेत,
जिथं होता तिथं.
नाझनीननं टोक खाली केलं, विचारलं,
“लागलं का, मावशी?”

मी मुखवटा काढला नाही बराच वेळ.
घाम आहे, म्हटलं.

वस्तादांनी माझी काठी घेतली. अडवलेल्या जागी
केसाएवढी चीर. नखानं चाचपली,
हिरवी चिठ्ठी सोडून लाल बांधली.
“हिचं काम झालं.”

घरी नेऊ का, मी विचारलं.
त्यांनी माझ्या दंडाकडं पाहिलं,
आजच्या वळाकडं, आणि मग
त्याच्या वरच्या, पिवळ्या पडलेल्या, जुन्या डागाकडं.
तो वेताचा नव्हता.

डिकी लावता लावता म्हणाले,
“ने.
पर चिठ्ठी काढू नगंस.”