प्रश्न सत्तेचाळीस

बोलीच्या पाहणीचा तो माझा शेवटचा दिवस,
आणि ऑस्टफ्रीसलंडमधलं शेवटचं घर.
पुढे समुद्राचा बांध, बांधापुढे चिखल, ओहोटी.
सायकल कुंपणाला टेकवली, आत गेलो.

दाताळ्याला काय म्हणता? खुराड्याला?
ओल्या गवताच्या वासाला काही शब्द आहे?
आयलर्ट फोल्कर्ट्स सांगत गेले, मी लिहीत गेलो.
व्यूबके चहा ओतत होती,
कपात खडीसाखर तडकत होती.

सत्तेचाळीसपाशी मी उगाच खाकरलो.
ज्याची बायको दुसऱ्याकडे... म्हणजे, अशा नवऱ्याला?

‘हन्राय,’ आयलर्ट म्हणाले.
‘हा लांब,’ व्यूबके म्हणाली, किटलीवरची नजर न काढता.
मी काना दिला. हानराय.

‘कोंबडा खच्ची केला की
त्याच्या टाचेवरचं नख कापायचं,
तुरा चिरायचा आणि त्यात रोवायचं.
रुजतं ते. कलम धरावं तसं.
महिन्याभरात डोक्यावर शिंग.’

कशासाठी पण?

‘लांबून ओळखू यावा म्हणून.
नाहीतर एकेकाला पकडून
उलटं करून बघत बसायचं.’
मग पाईप झटकत:
‘शब्द तरी दुसरं काय करतो.’

‘कापणाऱ्याला काय म्हणतात,’ व्यूबकेने विचारलं,
‘ते विचारत नाही का तुमचा कागद?’
नव्हता विचारत.
‘आणि कोंबडीला?’
तिचीही ओळ नव्हती.

भिंतीवर मुलीचा फोटो, लग्नातला.
हनुवटीत खोल खळगा.
मी या दोघांच्या हनुवट्यांकडे पाहिलं,
आणि मी पाहिलं ते आयलर्टनी पाहिलं.

‘एक राहिलं. असा कोंबडा पिलांवर बसतो.
आधी छातीची पिसं उपटतात, खाजकुयली चोळतात,
आग थांबावी म्हणून तो पिलं पोटाशी घेतो.
सुरुवात तशीच होते, खोटं कशाला सांगू.
पण कोंबडी दाण्याला उठते.
हा उठत नाही.’

व्यूबकेने त्यांच्या कपात कडेकडेने साय सोडली.
ढवळली नाही. तिकडे ढवळत नाहीत.

‘वापर’ या रकान्यात मी लिहिलं: जुना, आता क्वचित.
मग ‘क्वचित’ खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचेना,
तशी घाईघाईने अठ्ठेचाळीस विचारला:
उंबरठ्याला काय म्हणता तुम्ही?

दोघं एकदमच बोलले.
दोघांचे शब्द वेगळे होते.