पाणी गेल्यावर

हार्लिंगनच्या धक्क्यावरून सात होड्या सुटल्या.
ट्यालिंगआजोबांची पुढे, शिडाला चहाच्या रंगाचं ठिगळ,
मग बदकीमागून पिल्लं निघावीत तशा बाकीच्या,
आणि सगळ्यात शेवटी,
कळेल न कळेल एवढं अंतर ठेवून,
हेसलकाकाची.

आमच्या होडीत सुकाणू आईकडे.
बाबा शिडाची दोरी धरून पुढे बघत होते,
इतकं पुढे, की मागे काही नाहीच.
विब्रेनला दोनदा उलटी झाली,
दुसऱ्यांदा माझ्या बुटात.

हे तिसरं वर्ष.
आजोबांची होडी कुणी, कितीला,
कुणाला न विचारता विकली,
मला सगळं पाठ आहे
पाढ्यासारखं.

दुपारी ट्यालिंगआजोबांनी हात वर केला.
इथेच.
इथे म्हणजे कुठे? चहूकडे पाणी,
बेटाचा दीपस्तंभ बोरूएवढा.
नांगर टाकले, शिडं गुंडाळली,
मग करण्यासारखं काही उरलं नाही.

उधाणाची ओहोटी होती.
आधी पाण्याचा रंग बदलला,
मग तळाला काहीतरी हलकेच टेकलं,
मांजर पायाला घासून जातं तसं,
मग पुन्हा,
मग आम्ही हलेनासे झालो.

तासाभरात सगळे शिड्या लावून
समुद्राच्या तळावर उतरले.
हिरवा पडलेला विब्रेन एकदम गुलाबी.
वाळूला वळ्या, एक गोंधळलेला खेकडा,
लांबच्या पट्ट्यावर सील,
लग्नाचं जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यांसारखे.
मी एकाच बुटात. दुसरा धुऊन
वाळूवर पालथा घातलेला.

हेसलकाकाची होडी आमच्यापासून एकशे बारा पावलांवर.
मी मोजली.
पाणी होतं तोवर सबब होती.

आई कांदे चिरत म्हणाली, मीठ संपलंय.
सकाळी मीच डबा उघडला होता.
मीठ होतं, गळ्यापर्यंत.
मी तोंड उघडलं. तिने बघितलं.
मी मिटलं.

ट्यालिंगकडून आणतो, बाबा म्हणाले.
ट्यालिंगआजोबा उजवीकडे.
बाबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली,
वीसेक पावलं उजवीकडे गेले,
एका डबक्यापाशी थांबून आत बघत राहिले,
आणि डावीकडे वळले.

एवढ्या लांबून ऐकू येत नाही.
दिसलं ते सांगते:
काका वाकून होडीचं बूड खरवडत होता,
तो सरळ झाला नाही.
बाबाही वाकले.
दोघं एकाच फळीकडे बघत राहिले, फार वेळ.
काकाने बोट दाखवलं, बाबांनी मान हलवली, नाही अशी.
पुन्हा बोट.
पुन्हा नाही.
मिठी वगैरे काही नाही.

सूप आम्ही अळणीच खाल्लं.
आईने खोटं शेवटच्या चमच्यापर्यंत निभावलं.

दहा वाजत आले तरी उजेड होता.
वाळूच्या वळ्यांतून पाणी परत येऊ लागलं,
आधी दोऱ्याएवढं.
बाबा आले ते पोटरीएवढ्या पाण्यातून,
रिकाम्या हाताने.
त्याच्या फळीला चीर आहे, ते म्हणाले,
उद्या त्याला आपल्या पुढे ठेवू,
नजरेसमोर.

आई हं म्हणाली. मीठ कुणी विचारलं नाही.

होडी एकदा कण्हली आणि उचलली गेली.
तेव्हा मला बूट आठवला.