हळदूचा करंडा

ब्रह्मपुरीहून पारबताबाई आल्या,
पदरात करंडा बांधून.
"डोमाजी, तुमी पिवळा देल्ला होता.
पाहा बरं, का झालं याचं."

तीन उन्हाळे दक्षिणेच्या खिडकीत.
आता रंग असा,
जसं भिजून वाळलेलं तणीस.

मी झाकण ओढलं. जड गेलं.
आत मात्र तोच दिवस होता,
खरादीवरून उतरवला त्या दुपारचा,
ओल्या हळकुंडाचा पिवळा.
कुंकू त्यात कधी भरलेलंच नव्हतं.
मी विचारलं नाही.

गोठ्याच्या भिंतीवर माझी एक फळी आहे.
सात झाडांच्या सात पट्ट्या,
अर्ध्या उघड्या, अर्ध्यांवर पत्रा.
दर पोळ्याला, बैल धुऊन झाले की
पत्रा उचलून बघतो कोण किती हरलं.
खैराची लाली पहिल्याच चैत्रात गेली.
शिसवाचा जांभळा कधी गेला, कळलंच नाही.
बीजा रुसून बसला.
एकटा साग, त्याला ऊन मानवतं.

जवसाचं तेल पाजलं:
आधी रंग खुलला,
मग तेलच म्हातारं झालं त्याच्या अंगावर.
मेण लावलं, ते मे महिन्यात बोटाला आलं.
नागपूरच्या दुकानदारानं डबा दिला,
म्हणाला, यात ऊन अडवायचं औषध आहे.
अडवतं. खोटं कशाला बोलू.
एका वर्षाची दोन करतं.
पण हात फिरवावा तर
लाकूड लागत नाही, डबा लागतो.

"एक करता येते," मी म्हटलं,
"पुन्हा खरादीवर चढवतो, केसभर उतरवतो.
खाली पिवळाच आहे."
"मंग पुन्हा उडाला तर?"
"पुन्हा उतरवू."
"असं कितीदा?"

मी काठ चिमटीत धरून मोजला.
चारदा. पाचव्यांदा
पटाशी आरपार जाईल.

त्या बराच वेळ
भुशाच्या ढिगाकडे बघत बसल्या.
मग म्हणाल्या, "बाहेरून राहू द्या.
झाकण तेवढं सैल करा.
उघडाले लय जड जाते."

झाकणाच्या आतल्या कडेला पटाशी टेकवली.
एकच कीस निघाला, लांब, वळलेला,
हळदीच्या अंगाचा.
त्यांनी तो उचलला,
दारातल्या उन्हात धरून पाहिला,
आणि घाईनं
मूठ मिटली.