रकाना

धनकवडीच्या दवाखान्यातल्या कार्डावर
एक रकाना असतो: जात.
पहिल्या वेळी मी अडखळलो.
कंपाउंडरनं मान वर न करता
लिहून टाकलं, मिक्स.

एक कान उभा, एक पडका.
आई कात्रजच्या भाजीबाजारातली,
बाप कुणी बंगलेवाला असावा,
कारण रिक्षातसुद्धा खारीला
कडेचीच जागा लागते.

आता तेरावं सरलं.
मागचे पाय जिन्याला विचारून चढतात.
पोळीत गोळी लपवली
तर पोळी खाते,
गोळी माझ्या चपलेत आणून ठेवते.

काल नवं कार्ड, नवा कंपाउंडर.
जात?
म्हटलं, लिहा:
फटाक्यांना घाबरते, विजेला नाही.
लुकतुके काकू गेल्या तेव्हा
तीन दिवस
त्यांच्या पायपुसण्यावर बसून होती.

तो म्हणाला,
एवढं मावत नाही इथं.